बालेवाडीत आम्हालाही रविवार द्या

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

‘पुण्यात फुटबॉल चालत नाही’ असं म्हणणाऱ्यांकडे पुरावे तयार असतात. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये आला, २०१२-१३ च्या आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पण साहेब, हे मालकांचे क्लब होते. मालकाने हात आखडता घेतला, क्लब गेला. त्यात पुणेकरांचा काय दोष?

जिल्हा लीगच्या खालच्या डिव्हिजनमधले, म्हणजे खालच्या गटांतले, क्लब मात्र चालूच आहेत. कॅम्प, खडकी, रेंजहिल्समधली पोरं वर्गणी काढून किट घेतात, प्रवेश फी भरतात आणि शेजारच्या वस्तीच्या संघाला हरवायचंच म्हणून वर्षभर धावतात. हीच ईर्षा कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरवते. तिथे पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की लोक तिकीट काढून येतात, पाठीशी कुणी उद्योगपती नसताना. (तिथली हुल्लडबाजी आम्हाला नको, गर्दी चालेल.)

पुण्यात वरच्या डिव्हिजनला कोण जाणार, हे बऱ्याचदा पायांपेक्षा मैदान ठरवतं. ज्या क्लबच्या हाताशी शाळेचं किंवा लष्करी हद्दीतलं मैदान आहे, त्याचा सराव नीट होतो. बाकीचे तासाच्या भाड्याने टर्फ, म्हणजे जाळीतलं कृत्रिम गवताचं छोटं मैदान, घेतात. पाच-सहा जणांच्या त्या पिंजऱ्यात लांब पास जात नाही, ऑफसाइडची सवय लागत नाही. मग अशा संघाला १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर उतरवलं की बचावफळी विसाव्या मिनिटाला विखुरते. खाली घसरलेल्या क्लबची चांगली पोरं पुढच्या हंगामात वरचे क्लब उचलतात, आणि तो आणखी खाली जातो. महापालिकेच्या मैदानांवर रविवारी क्रिकेट, उरलेल्या दिवशी कुणाचा ना कुणाचा मांडव.

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली बालेवाडीची क्रीडानगरी आपल्या खात्याकडे आहे. तिथलं एक पूर्ण मापाचं मैदान हंगामातल्या रविवारी खालच्या डिव्हिजनसाठी राखून ठेवा. सरावाच्या वेळा क्लबांना चिठ्ठी टाकून द्या, म्हणजे ओळखीचा प्रश्नच उरणार नाही. भाडं वर्गणीतून भरता येईल एवढंच असावं, आणि वेळापत्रक हंगामाआधी लागावं. ऐनवेळी एखाद्या कार्यक्रमासाठी मैदान काढून घेणार असाल तर दुसरी तारीख त्याच दिवशी द्या.

मोठ्या क्लबसाठी नवा मालक शोधायचा असेल तर जरूर शोधा. आमचं मैदान त्याआधी होऊ शकतं. त्याला आपल्या खात्याचा एक आदेश पुरतो.

आपला,
पुण्यातल्या एका तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबचा सचिव