अनाथोथच्या शेताचं खरेदीखत

प्रिय छकुली,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "पप्पा, आई बरी व्हावी म्हणून आपण देवाची इतकी वचनं धरली होती, त्यांचं काय झालं?" तेव्हा मला बोलता आलं नाही. फोन ठेवल्यावर बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढून बसलो, ते पहाटेपर्यंत.

तालुक्याला 30 वर्षं दस्त लिहिले म्हणून असेल, पण त्यातला 32 वा अध्याय मला नेहमी माझ्या टेबलावर घडल्यासारखा वाटतो. यहूदाच्या सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेचा वेढा. शहर पडणार असं उघड बोलल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत घे, जवळचा नातेवाईक म्हणून ते विकत घेऊन घराण्यात राखण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर, म्हणजे ते रान शत्रूच्या टाचेखाली. असा व्यवहार माझ्याकडे आला असता तर घेणाऱ्याला मी बाजूला घेऊन समजावलं असतं.

यिर्मया ते घेतो. 17 शेकेल चांदी, आपल्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आतच, तराजूत तोलून देतो. खत लिहिलं, मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत मोहोरबंद, दुसरी उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. (मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत 1947 साली सापडलेल्या गुंडाळ्या अशाच रांजणात दोन हजार वर्षं टिकल्या होत्या.) कैदेतल्या माणसाने कागदात एवढीही कसर ठेवली नाही, कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असं परमेश्वर बोलला होता.

आणि त्यानंतर त्याने प्रार्थना केली. ती वाच. शहर खास्दी (म्हणजे बाबेलच्या) लोकांच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस, असं तो देवाला तोंडावर म्हणतो. आधी चांदी मोजली, मग शंका काढली. देव त्याच्यावर रागावला नाही. म्हणून तुझा प्रश्न मला अविश्वासाचा वाटत नाही, बेटा.

आता जे लिहितो ते मला जड जातं. आईच्या उशाशी आपण यिर्मया 29:11 चिकटवलं होतं, हिताच्या संकल्पांचं. त्याच्या आधीचं दहावं वचन आपण वाचलंच नाही. तिथे परतण्याआधी बाबेलची सत्तर वर्षं भरायची सांगितली आहेत. ही वचनं यिर्मयाच्या एका पत्रातली आहेत; ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या ज्या बंदिवानांना गेलं, त्यातले बहुतेक तिथेच वारले असणार. देवाने त्यांना परत नेण्याचं वचन पूर्ण केलं, पण ते त्यांच्या नातवंडांच्या पदरात पडलं. आपण मात्र आपल्या इच्छेलाच वचन म्हटलं. चूक माझी जास्त, मी घरातला वडील होतो.

यिर्मयाने त्या शेतातला दाणा खाल्ल्याचं कुठे लिहिलेलं नाही. शहर जळालं आणि त्याला लोकांनी मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं. पुढे इ.स.पू. 538 मध्ये पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाने बंदिवानांना परतायची मोकळीक दिली. बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकातली, दुसऱ्या अध्यायातली परतलेल्यांची यादी आपण नेहमी कंटाळून ओलांडतो. तेविसावं वचन पाहा: अनाथोथचे लोक, 128. त्या रात्री या एका आकड्यापाशी मी थांबलो आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा रडलो.

देवाच्या विश्वासूपणाला इब्रीत (हिब्रू भाषेत) 'एमुना' म्हणतात. आपलं 'आमेन' त्याच मुळातलं. इस्राएलाची अमालेक या शत्रूशी लढाई चालू असता त्यांचा पुढारी मोशे याचे वर उचललेले हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले, तिथेही हाच शब्द आहे. ते हात एका बाजूने अहरोनाने आणि दुसऱ्या बाजूने हूराने धरले होते. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात आपल्या चर्चच्या मंडळीतल्या बायका पाळीपाळीने आईजवळ बसल्या, तुला दोन रात्री झोपू दिलं, ते मी विसरलेलो नाही.

एक काम राहिलंय. विहिरीजवळचा अर्धा एकर अजून आईच्या नावावर आहे. दुसऱ्यांच्या वारस नोंदी मी शेकड्याने लिहिल्या, पण सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी करायचा अर्ज हातून लिहवत नव्हता. काल लिहिला. वारसांत तुझंही नाव घातलंय. नाताळच्या सुट्टीला येशील तेव्हा आधार कार्ड घेऊन ये, तुझी सही लागेल.

तुझा,
पप्पा