मोबाइलवरून दिलेला आदेश सुटत नाही, पडद्यावरचा आकडा खरा नसतो : क्लाउड बीएमएस (इमारत व्यवस्थापन प्रणाली) सेवेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
बीएमएस व क्लाउड सेवा विभाग

प्रेषक : व्यवस्थापन समिती, व्यापारी संकुल, होटगी रस्ता, सोलापूर

विषय : मोबाइल अ‍ॅपवरून इमारतीची यंत्रणा चालवताना वारंवार येणारे दोष आणि त्यांच्या कायमच्या दुरुस्तीबाबत

संदर्भ : वार्षिक देखभाल करार; सेवा केंद्रात नोंदवलेल्या चार तक्रारी

महोदय,

आमच्या संकुलातले दोन चिलर (पाणी थंड करणारी यंत्रं), सहा एएचयू (मजल्यावर थंड हवा खेळवणारे पंखा-संच), पाण्याच्या दोन टाक्या व त्यांचे पंप, जनरेटर आणि आठ वीजमीटर आपल्या गेटवेमार्फत (उपकरणांना इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्रामार्फत) क्लाउडला जोडलेले आहेत. यापूर्वी चार वेळा तक्रार नोंदवली. चारही वेळा "गेटवे रीस्टार्ट केला, आता ऑनलाइन आहे" असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. गेटवे ऑफलाइन जातो अशी आमची तक्रार नव्हतीच. तो ऑनलाइन असतो, अ‍ॅपवर सगळं हिरवं दिसत असतं, आणि इमारतीत मात्र भलतंच चाललेलं असतं. म्हणून या वेळी मोजमापांसह लिहीत आहोत. हे पत्र कृपया सॉफ्टवेअर विभागाच्या हाती द्यावं.

सर्वांत गंभीर बाब आधी. निदान केंद्राच्या मजल्यावरचा एएचयू-३ रोज सकाळी ८ ला सुरू होऊन रात्री ९ ला बंद व्हावा, असं शेड्यूल कंट्रोलरमध्ये (एएचयू चालवणाऱ्या इमारतीतल्या नियंत्रकात) आहे. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अ‍ॅपवरून तो बंद करून पुन्हा चालू केला गेला. त्यानंतर सलग १२ रात्री तो बंदच झाला नाही. एएचयू चालू म्हणून थंड पाण्याची मागणी चालू, मागणी चालू म्हणून पंप आणि एक चिलरही चालू. पंख्याची मोटर साडेपाच किलोवॉटची, पंप साडेसात किलोवॉटचा, त्यात कमी भारावर चालणारा चिलर. मीटरवर रात्रीचा सरासरी भार २५ किलोवॉट दिसतो. रात्री ९ ते सकाळी ८ या ११ तासांचे २७५ युनिट, म्हणजे १२ रात्रींत ३,३०० युनिट रिकाम्या मजल्यावर गेले. या काळात अ‍ॅपवर शेड्यूल "सक्रिय" दिसत होतं.

याचं कारण आमच्या इलेक्ट्रिशियनने कंट्रोलरला लॅपटॉप लावून शोधलं. एएचयू-३ च्या स्टार्ट पॉइंटची (चालू-बंदचा आदेश घेणाऱ्या नोंदीची) प्रायॉरिटी अ‍ॅरे (आदेशांची अग्रक्रम-यादी) उघडली, तर १६ व्या घरात शेड्यूलचा "बंद" होता आणि ८ व्या घरात अ‍ॅपचा "चालू". बॅकनेटमध्ये (इमारतीतल्या यंत्रांनी आपसात बोलण्याच्या मानक भाषेत) आदेशासाठी १६ घरं असतात आणि ज्या घराचा क्रमांक लहान, त्याचं चालतं. पहिली दोन घरं जीवरक्षेसाठी, ८ वं घर हाताने दिलेल्या आदेशासाठी आणि १६ वं सगळ्यांत शेवटचं. ८ व्या घरातला आदेश काढून घेतल्याशिवाय, म्हणजे तिथे "नल" (रिकामं) लिहिल्याशिवाय, खालच्या शेड्यूलला कोणी विचारत नाही. इलेक्ट्रिशियनने ८ व्या घरात नल लिहिला आणि काही सेकंदांत पंखा थांबला.

आपल्या अ‍ॅपमध्ये मुळात "चालू" आणि "बंद" ही दोनच बटणं आहेत. दोन्ही ८ व्या घरात लिहितात आणि तिथेच ठेवून देतात. "ऑटो" हे बटण नाही. त्यामुळे "बंद"सुद्धा तितकाच घातक ठरतो. मे महिन्यात रात्री कोणीतरी अ‍ॅपवरून एएचयू-३ बंद केला, तर सकाळी शेड्यूलने तो सुरूच झाला नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे आपणांस वेगळं सांगायला नको. ११ वाजता निदान केंद्राच्या यंत्रखोलीत ३४ अंश तापमान झालं आणि त्यांना रक्ततपासणीची यंत्रं बंद ठेवावी लागली. नमुने घेऊन ताटकळलेल्या रुग्णांना उत्तर आम्हांला द्यावं लागलं.

प्रायॉरिटी अ‍ॅरे ही आमची नवी मागणी नव्हे. बॅकनेट मानक, म्हणजे अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेचं १३५ क्रमांकाचं मानक, १९९५ साली आलं तेव्हापासून ती त्यात आहे. कंट्रोलर मानकाप्रमाणेच वागतोय. आदेश देऊन तो न सोडणारं अ‍ॅप चुकतंय.

दुरुस्ती अशी हवी. प्रत्येक पॉइंटला "ऑटो" बटण असावं आणि त्याने ८ व्या घरात नल लिहावा. हाताने दिलेल्या प्रत्येक आदेशाला मुदत असावी, समजा ६० मिनिटं, आणि मुदत संपताच तो आपोआप सुटावा. ही मुदत गेटवेने मोजावी, क्लाउडने नव्हे; नाहीतर मधे नेट गेलं की आदेश पुन्हा तसाच अडकून राहील. शिवाय जो पॉइंट हाताच्या आदेशावर आहे तो यादीत वेगळ्या रंगाने दिसावा. सुदैवाने आगीच्या अलार्मवर एएचयू बंद करणारी जोडणी थेट तारेने स्टार्टरपर्यंत नेलेली आहे, ती आपल्या अ‍ॅपमधून जात नाही. ती तशीच राहील. तिला हात लावू नये.

दुसरी बाब पाण्याची. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे खालचा हौद आणि गच्चीवरची टाकी यांची पातळी हा आमच्या दृष्टीने संपूर्ण यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. पाणी सोडल्यावर हौद भरून घ्यायचा की टँकर सांगायचा, हे त्यावर ठरतं. एका शनिवारी गच्चीवरची टाकी अ‍ॅपवर सहा तास ८२ टक्के दाखवत होती. प्रत्यक्षात टाकी कोरडी पडली होती आणि स्वच्छतागृहांत पाणी नव्हतं. तो ८२ चा आकडा सकाळचा होता. पातळीमापकाकडून उत्तर येणं थांबलं, गेटवेने शेवटचा आकडा धरून ठेवला, क्लाउडने तोच पुढे पाठवला आणि अ‍ॅपने तो हिरव्या रंगात दाखवला. आकडा किती वाजताचा, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक दोष याच पॉइंटवर आहे. पातळीमापक ४ ते २० मिलिअँपिअरचा आहे; ४ म्हणजे रिकामी टाकी, २० म्हणजे भरलेली. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि गणिताने पातळी उणे २५ टक्के येते. आपला गेटवे उणे आकडा कापून शून्य करतो. मग "टाकी रिकामी" आणि "तार तुटली" यांत फरकच उरत नाही. पंप सुरू होतो आणि भरलेली टाकी वाहू लागते. चार दिवस जपून ठेवलेलं पाणी गच्चीवरून गटारात जाताना पाहणं फार जिवावर येतं. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली प्रवाह गेला की तो "सेन्सर दोष" मानावा, पंप थांबवावा आणि अलार्म द्यावा. सलग दोनदा उत्तर आलं नाही, तर आकडा करडा व्हावा आणि शेजारी वेळ यावी.

उत्तर येणं का थांबलं, तेही तपासलं. आरएस-४८५ च्या (उपकरणांचे संदेश नेणाऱ्या दोन तारांच्या) एकाच लाइनवर १३ उपकरणं आहेत; ती ९६०० बॉड वेगाने, मॉडबस आरटीयू या पद्धतीने बोलतात. वीज बंद करून ए आणि बी तारांमधला रोध मोजला तर ४० ओम आला. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) असतील तर हा आकडा ६० च्या आसपास यायला हवा. ४० म्हणजे तिसरा टर्मिनेटर कुठेतरी मधे लागलाय. तो मीटर क्रमांक ५ मध्ये सापडला. त्याचा छोटा स्विच जोडणी करतानाच चालू राहिला होता. तो बंद केल्यावर मोजणी ६१ ओम आली. पण गच्चीकडे जाणारी केबल अजूनही पंपाच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुट केबलबरोबर एकाच ट्रेमधून जाते. पंप पूर्ण वेगात असला की सीआरसी चुका (संदेश वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढतात, पंप थांबला की कमी होतात. ही केबल वेगळ्या पाइपातून नेणं आणि तिची शील्ड एकाच टोकाला अर्थ करणं हे आपल्या जोडणीतलं राहिलेलं काम आहे. त्यातच गेटवेचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याचा वेळ) १ सेकंद आणि प्रयत्न ३, असं सेटिंग आहे. एक उपकरण गप्प बसलं तर दर फेरीत ३ सेकंद वाया जातात, तीन गप्प बसली तर ९. गप्प उपकरणाला काही काळ बाजूला ठेवून इतरांची फेरी चालू ठेवण्याची सोय गेटवेमध्ये करून द्यावी.

घड्याळाबद्दल थोडक्यात. मागच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर सगळे एएचयू दुपारी उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीनंतर बंद होऊ लागले; ८ चं शेड्यूल दीड वाजता चालू लागलं. फरक नेमका साडेपाच तासांचा. वेळ जुळवण्यासाठी बॅकनेटमध्ये दोन वेगळे संदेश आहेत, एक स्थानिक वेळेचा आणि एक यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा). गेटवेने यूटीसी वेळ स्थानिक वेळेच्या संदेशातून पाठवली आणि कंट्रोलरांनी ती निमूट मान्य केली. आपल्या माणसाने दूरवरून दुरुस्ती करताना यूटीसीचा संदेश सुरू केला, पण ऑफसेट (यूटीसीपासूनचा मिनिटांतला फरक) अधिक ३३० टाकला, त्यामुळे चूक साडेपाचाऐवजी अकरा तासांची झाली. बॅकनेटमध्ये पूर्वेकडच्या देशांचा ऑफसेट उणे लिहितात. भारतासाठी तो उणे ३३० मिनिटं आहे. आता तो आम्हीच बरोबर केला आहे. पुढच्या अपडेटमध्ये तो पुन्हा पुसला जाऊ नये. अपडेट कामाच्या दिवशी, न कळवता टाकू नये.

सुरक्षेची बाब मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. आमच्या राउटरवर यूडीपी ४७८०८ हा बॅकनेटचा पोर्ट (संदेश आत येण्याची वाट) बाहेरच्या जगासाठी उघडा सापडला. सपोर्टला सोपं जावं म्हणून तो आपल्या तंत्रज्ञाने उघडला होता. साध्या बॅकनेट आयपीमध्ये पासवर्ड नाही, ओळखीची तपासणी नाही. ज्याला हा पोर्ट सापडेल तो आमचा चिलर बंद करू शकतो, टाकीचा पंप चालू ठेवू शकतो. हे कळल्यावर समितीतल्या प्रत्येकाला धक्का बसला. पोर्ट आम्ही त्याच दिवशी बंद केला. अ‍ॅप तरीही व्यवस्थित चालतं, कारण गेटवे स्वतःच बाहेर जाऊन टीएलएसवरून (कूटबद्ध जोडणीवरून), ८८८३ पोर्टवर, क्लाउडला जोडला जातो. म्हणजे तो पोर्ट उघडण्याची गरजच नव्हती. आपल्या इतर ग्राहकांच्या राउटरवरही असाच पोर्ट उघडा असेल तर तो ताबडतोब बंद करावा, ही कळकळीची विनंती. सपोर्टसाठी आत यायचं असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) वापरावा, आणि तोही आम्ही सुरू करून देऊ तेवढ्याच वेळेपुरता. २०१९ साली मानकात बॅकनेट सिक्युअर कनेक्टची (बॅकनेटच्या सुरक्षित प्रकाराची) भर पडली आहे. आपला गेटवे त्याला पात्र आहे का, ते लेखी कळवावं.

याला जोडूनच लॉगिनचा प्रश्न. संकुलासाठी एकच "अ‍ॅडमिन" खातं दिलेलं आहे आणि त्याचा ओटीपी आपल्या नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाच्या मोबाइलवर जातो. मे महिन्यातल्या त्या रात्री एएचयू-३ कोणी बंद केला, हे नोंदीत पाहायला गेलो तर सगळीकडे "अ‍ॅडमिन" एवढंच होतं, आणि ३० दिवसांपूर्वीच्या नोंदी पुसलेल्या होत्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याची अट आहे. प्रत्येक माणसाला स्वतंत्र खातं द्यावं. सुरक्षारक्षकाला फक्त पाहण्याचा अधिकार असावा आणि इलेक्ट्रिशियनला आदेश देण्याचा. शेड्यूल बदलण्याचा अधिकार समितीकडेच ठेवावा. वीजमीटरच्या नोंदी किमान १३ महिन्यांच्या आणि सीएसव्हीमध्ये उतरवून घेता येतील अशा हव्यात, म्हणजे महावितरणचं बिल मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहता येईल.

गेटवेच्या पॅनेलमध्ये यूपीएस नाही, ही बाबही करारातल्या साहित्याच्या यादीशी जुळत नाही. वळवाच्या पावसात वीज गेली की जनरेटर काही सेकंदांत भार घेतो, पण गेटवे पुन्हा उभा राहायला चार मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळातले सगळे आकडे हरवतात. नेट गेल्यावर आकडे गेटवेमध्येच साठवून नंतर पाठवण्याची सोय विक्रीच्या वेळी सांगितली होती. ती सुरू केलेली नाही.

आमच्या मागण्या : लॉगिन आणि ओटीपीची दुरुस्ती ४८ तासांत व्हावी. ऑटो बटण, आदेशाची मुदत आणि आकड्यासोबत वेळ या तीन गोष्टी ३० दिवसांत मिळाव्यात. केबल आणि यूपीएसचं काम १५ दिवसांत, विनामूल्य करावं. १२ रात्रींच्या ३,३०० युनिटांची रक्कम आमच्या बिलाच्या दराने देखभाल शुल्कातून वळती करावी. तोवर पुढच्या तिमाहीचं शुल्क आम्ही रोखून धरत आहोत.

काम "पूर्ण" झाल्याची सही आम्ही समोर चाचणी झाल्यावरच करू. अ‍ॅपवरून एएचयू-३ चालू करायचा, गेटवेची नेट केबल काढायची आणि ६० मिनिटांनी तो आपोआप शेड्यूलवर येतो का ते पाहायचं. मग गच्चीवरच्या पातळीमापकाची एक तार सोडायची. अ‍ॅपवर शून्य न दिसता "सेन्सर दोष" दिसला पाहिजे आणि पंप थांबला पाहिजे. शेवटी घड्याळ : कंट्रोलरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ यांत एका मिनिटापेक्षा जास्त फरक नसावा.

येणाऱ्या तंत्रज्ञाने बॅकनेट वाचणारा लॅपटॉप, मल्टिमीटर आणि शील्ड असलेली केबल सोबत आणावी. गच्चीची आणि पॅनेलरूमची किल्ली सुरक्षा कक्षात ठेवलेली असेल. निदान केंद्राचं काम दुपारी २ नंतर कमी होतं, त्यामुळे एएचयू-३ ची चाचणी त्यानंतरच घ्यावी.

आपले,
व्यवस्थापन समिती
व्यापारी संकुल, होटगी रस्ता, सोलापूर

सोबत : प्रायॉरिटी अ‍ॅरेची छायाचित्रं, १२ रात्रींच्या मीटर नोंदी, राउटरच्या सेटिंगची प्रत, चार जुन्या तक्रारींच्या पावत्या