अमोल, घाई करू नको

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, तुला नाही कळणार" म्हणून तू फोन ठेवून दिलास, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर माझं बोलणं तुला अर्धंच पोचते, आणि उरलेल्या अर्ध्यात तुझे बाबा मधे बोलतात. नोकरी सोडायची की नाही, याबद्दल या पत्रात मी एक शब्दही लिहिणार नाही, असं ठरवलं आहे.

काकूचा राजू बरा आहे. हासळीच्या हाडाला इथे नागपूरच्या मेयो हॉस्पिटलात पट्टी टाकली. डावा हात गळ्यात बांधलेला, काकू घास भरवायला गेली की चिडतो तो. पारडीकडे पावसात गाडी घसरली. डिलिव्हरीची ऑर्डर देऊन परत येत होता, म्हणजे कंपनीच्या हिशेबात त्या वेळी तो कामावर नव्हताच. विमा म्हणे ऑर्डर हातात असेल तेवढ्या वेळापुरता. घरी बसला तर ॲपवरचा आयडी बंद केला. कोणी केला, का केला, विचारायचं कोणाला, ते काही समजत नाही. हेल्पलाइनवर मशीन बोलते. गाडीचे हप्ते मात्र चालू आहेत, ते मशीन विसरत नाही.

ती डिलिव्हरीची कंपनी म्हणजे तू काम करतोस ती नाही, दुसरी आहे, हे मी काकूला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग अमोलच्या कंपनीत कसं असते?" मला काही सांगता आलं नाही. तुलाही कालच्या फोनवर सांगता आलं नाही, आणि तिथूनच तुझा आवाज चढला, नाही का?

पाऊस लागला की डिलिव्हरीवाल्या पोरांना किती वाढवून द्यायचे, किती ऑर्डरी झाल्यावर बोनस लावायचा, हे गणित तुमची टीम करते, हे मला कालच कळलं. आजवर मी शेजारच्यांना "मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत आले. राजू म्हणतो, बोनसला दोन ऑर्डरी कमी असल्या की रात्री ऑर्डर येणंच बंद होते. मग पोरं अकरा-बारापर्यंत मॉलच्या गेटवर ताटकळत बसतात. ते मुद्दाम होते की आपसूक, हे तुलाच माहीत. तुला झोप येत नाही, हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. ज्याला झोप येते त्याची मला जास्त भीती वाटली असती.

पण बेसा भागातल्या तुझ्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला असतो, बाळा.

लिहिणार नव्हते, पण लिहून झालं. खोडत नाही.

आता कळमन्याच्या धान्यबाजाराचं सांगते. तू म्हणशील, हे मला माहीत आहे. तुला फक्त शेवटची वर्षं माहीत आहेत. माझं लग्न झालं तेव्हा बाबा तिथे हमालांच्या टोळीत होते. गोणीमागे हमाली, गाडी आली तर काम, नाही आली तर झाडाखाली बसून राहायचं. पैसे अडत्या मुकादमाला देणार, मुकादम स्वतःचं काढून बाकी टोळीत वाटणार. पाठ भरून आली, पाय मुरगळला, तर ज्याची गोणी त्याची काही जबाबदारी नाही. का, तर हमाल कोणा एकाचा नोकरच नव्हता. सकाळी एकाच्या गोदामात, दुपारी दुसऱ्याच्या. प्रत्येक व्यापारी खरंच सांगायचा, "हा माझा माणूस नाही." आणि पोतं मात्र त्याचंच.

मिरचीच्या हंगामात बाबांचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवायची, तुला आठवते? भिवापुरी मिरचीची पोती दिवसभर पाठीवर वाहिली की तिखट शर्टाच्या शिवणीत जाऊन बसते. किती पाण्यातून काढलं तरी माझे हात रात्रभर चुरचुरायचे. तू लहानपणी बाबांच्या गळ्यात पडायचास आणि शिंकत सुटायचास, मग ते आधी अंघोळ करून तुला घ्यायला लागले. मानेवर मागे कातडी जाड झाली आहे त्यांची, अजून तशीच आहे.

मग टोळी माथाडी बोर्डात, म्हणजे हमालांसाठीच्या सरकारी मंडळात, नोंदली गेली. कायदा 1969 चाच होता, अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या हमालांना एकत्र करून लढून मिळवलेला, पण कायदा असणं वेगळं आणि आपल्या टोळीपर्यंत येणं वेगळं. त्यानंतर अडत्याने मजुरी बोर्डात भरायची आणि तिच्यावर लेव्ही वेगळी भरायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्ट्यांचा पगार, बोनस, दवाखाना. मालक दहा असोत की शंभर, हमालाचं खातं एकच. आमचा अडत्या तेव्हा म्हणाला होता, धंदा बंद करावा लागेल. त्याची नातवंडं आता तोच धंदा करतात, गोदाम दुप्पट झालं आहे.

तुझ्या इंजिनीअरिंगची पहिली फी कुठून भरली, तुला माहीत आहे ना? बाबांनी फंडातून उचल घेतली. त्या वर्षी घरात दुसरे पैसे नव्हते.

माथाडीत सगळं सोन्याचं आहे, असं मी म्हणत नाही. त्या नावाखाली खंडणी गोळा करणारे निघाले, खोट्या टोळ्या निघाल्या, आणि लेव्ही चुकवायला कितीतरी व्यापारी माणसं कागदावर दाखवतच नाहीत. बाबा स्वतः युनियनच्या पुढाऱ्यांना काय काय बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण या सगळ्यासकट तो कायदा आपल्या घरात जेवढा कामाला आला, तेवढं कोणाचं भाषण आलं नाही.

तुझे पणजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी ती 1877 साली इथे काढली, आणि 1886 मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, 1895 पासून अपघाताची भरपाई. सरकारने असा कायदा केला तो 1923 मध्ये. आपल्या घरात हे फार अभिमानाने सांगतात, मीही सांगते. पण बाबा नेहमी एक विचारतात, तेव्हाच्या बाकीच्या गिरण्यांमधल्यांचं काय? चांगला मालक मिळणं हे नशीब झालं. मालक चांगला नसला तरी माणसाला मिळालं पाहिजे, त्यासाठी कायदा लागतो. मिल 2002 मध्ये बंद झाली. त्या जागेवर मॉल झाला, आणि राजू पोरांसोबत बसतो ते गेट त्याच मॉलचं.

माझं सांगायचं तर मला अंगणवाडीत इतकी वर्षं पगार नाही, मानधनच मिळालं. काम सरकारी, रजिस्टरं सरकारी, निवडणुका आल्या की आम्हीच, पोलिओ आला की आम्हीच, पण सरकारी नोकर म्हणून कोणी धरत नाही. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. निकाल आला त्या दिवशी आमच्या मदतनीस ताईंनी मुलांच्या खिचडीत स्वतःच्या पैशाने तूप टाकलं. तेव्हा हा प्रकार फक्त खासगी कंपन्यांचा आहे, असं समजू नको. ज्याला माणूस हवा आणि त्याचा भार नको, तो प्रत्येक जण हेच करतो.

आणि म्हणूनच मला वाटते, तू सोडलंस तर काय होईल? तुझ्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल, तुझ्यासारखाच हुशार, त्याला झोप येत असेल, आणि गणित तेच राहील. पेपरात वाचलं, 2022-23 मध्ये देशाच्या संपत्तीपैकी 40 टक्के फक्त वरच्या एक टक्का लोकांकडे होती. तुझ्या एका राजीनाम्याने त्यातला एक रुपया तरी खाली येणार आहे का? संपत्ती कर 2015 मध्ये रद्द केला, कंपन्यांचा कर 2019 मध्ये 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, आणि काकू साबणाची वडी घेते तिच्यावर जीएसटी मात्र अंबानी भरतात तेवढाच भरते. हे सगळं माणसांनीच ठरवलं आहे. माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येते, त्याला तुझ्यासारखी आतलं समजणारी पोरं लागतात, आणि तुम्ही पोरं नुसती मनस्ताप करून घेता नाहीतर थेट राजीनामा लिहायला बसता, मधलं काही

बाबांनी चहा आणून दिला आणि वरचं वाचून म्हणाले, "पोराला पत्र लिहून राहिली की सभा घेऊन राहिली?" माफ कर. बैठकांना बोलून बोलून सवय लागली आहे.

तुझ्या कर्नाटकातच 2025 मध्ये कायदा झाला ना? राजूसाठी त्याची माहिती मी वाचून काढली. पोरांना प्रत्येक व्यवहारात जे पैसे द्यायचे, त्यावर कंपनीने 1 ते 5 टक्के शुल्क भरायचं, ते त्यांच्या कल्याण मंडळात जाणार. आयडी बंद करायचा तर 14 दिवस आधी लेखी कारण देऊन कळवायचं. त्याआधी राजस्थानने 2023 मध्ये असाच केला. केंद्र सरकारच्याही नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, त्यात ॲपच्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "ही लेव्हीच झाली." त्यांनी मग सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला: गोण्या कोण मोजणार? कळमन्यात लेव्ही बुडवायची तर गोण्या कमी लिहायच्या, एवढं सोपं होतं. तुमच्याकडे मोजणी सगळी कॉम्प्युटरमध्ये. ती बरोबर आहे की नाही, हे बाहेरच्याला कधी कळणार आहे? आतल्यालाच कळेल.

यावरून दहावीच्या सुट्टीतलं आठवलं. तू बाबांचा डबा घेऊन जायचास आणि गोदामात थप्पीवर बसून राहायचास. एकदा संध्याकाळी मुनीमजींनी 212 पोती वाचली आणि तू वरून ओरडलास, "219!" सगळे हसले. मुनीमजींनी दटावलं. तू खाली उतरलास, खडूने थप्पीच्या ओळी पाडून दाखवल्यास, आणि मुनीमजींना वही दुरुस्त करावी लागली. टोळीने त्या दिवशी तुला इतवारीत नेऊन रसमलाई खाऊ घातली. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत अंगणात एकटेच फेऱ्या मारत होते. त्यांना भीती वाटली होती, उद्या तो अडत्या टोळीला काम देतो की नाही. दिलं, पण आठवडाभर शेवटी दिलं.

म्हणून तू बोल, असं मला वाटते, आणि तू बोललास की मलाही अंगणात फेऱ्या माराव्या लागतील, हेही मला माहीत आहे. तुझ्या वरिष्ठांना मोजणीबद्दल विचार, परतीच्या वाटेवरचा अपघात विम्यात का नाही ते विचार. पण रागात नको विचारू. एकटा नको विचारू, टीममधल्या अजून दोघांना सोबत घे. लेखी विचार. आणि तुला काढून टाकलं तर? तर फ्लॅट भाड्याने देऊ, तू सहा महिने इकडे ये, बाबांची पेन्शन आहे, माझं मानधन आहे. मी हिशेब करून पाहिला, भागते. ओढूनताणून भागते, पण भागते. त्यांनी काढलं तर भागवू. तू स्वतःहून सोडू नको, एवढंच.

ताईचा फोन आला होता, सोमवारी तिला शुभेच्छा दे, विसरू नको.

तुझी,
आई

ता. क. राजूचं ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत, नाव नोंदवायचं आहे, ॲपवर काम करणाऱ्यांचीही तिथे नोंद होते. आधारला जोडलेला त्याचा मोबाइल नंबर बदलला आहे आणि आम्हाला ते इथून जमत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल करून त्याला समजावून सांग. तो तुझ्यावर रागावलेला नाही, पण तू आधी फोन केलेला बरा. आणि राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला असशील, तर रविवारपर्यंत पाठवू नको.