काजळीतला हिशेब

पुणे, मंगळवार रात्र

प्रिय सुमे,

सहा महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या भेटल्यावर घाल. गुडघे आहेत तसेच, साखर जरा वर.

धाकटीकडे जॉर्डनमध्ये अम्मानला गेले होते, तिनं पेट्राला नेलं. नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी लाल डोंगरात कोरलेली थडगी. त्यातल्या एका मोठ्या थडग्याचं ४४६ साली चर्च केलं. भिंतीवर ग्रीकमध्ये तसं लिहिलंय. मला लेण्याद्रीच आठवलं. "गणपती नंतर आला गं, मूळचा विहार भिक्खूंचा," म्हणालीस म्हणून मी आठ दिवस अबोला धरला होता. आणि तिथं लेकीला मी तेच ऐकवत होते! हसू नकोस. पायऱ्या मात्र मीच बरोबर मोजल्या होत्या.

या थडग्यांत बदूल जमातीची माणसं राहायची, शेळ्यांसकट. १९८५ला त्यांना जवळच्या उम्म सैहूनमध्ये हलवलं. एका गुहेचं छत काळंकुळकुळीत. बोट फिरवलं तर आपल्या चुलीमागच्या भिंतीसारखी काजळी. "आई, हात लावू नको!" मणी विकणारी एक म्हातारी म्हणाली, माझा थोरला इथंच जन्मला. लगेच मण्यांचा भावही सांगितला. १९६३ पासून तिथं एका कोरीव दालनातच संग्रहालय होतं. २०१९ला जपानच्या मदतीनं बाहेर नवं झालं. मडकी, पुतळे सगळं बघितलं. म्हातारीचा तवा काही दिसला नाही.

आता खरं सांगते. दादाला वाड्यासाठी गिऱ्हाईक मिळालंय. पाटा, जातं, फडताळ मांडून "जुनं घर" दाखवणार, तिकीट लावून. आईच्या स्वयंपाकघराला पांढरा रंग. माझ्या सहीवाचून अडलंय. वहिनी म्हणते, "वन्सं, पडून माती होण्यापेक्षा बरं ना?" खरंच आहे. मागची भिंत यंदा बसलीच. आणि मी तरी दोन वर्षांत दोनदाच गेले, तेही वाळवी बघायला.

पण त्या काजळीत खिळ्यानं कोरलेला आपला हिशेब आहे गं, कुणी किती करंज्या पळवल्या त्याचा. तुझ्या अकरा, माझ्या नऊ. आईनं तो कधी कुणाला पुसू दिला नाही. हे दादाला कुठल्या तोंडानं सांगू?

नातवाचं बारसं झालं का? नाव कळव. जावयाच्या बदलीचं काय?

महिनाअखेरीस दादा कागद घेऊन येतोय. फोन करू नकोस, मी रडेन. सरळ निघून ये. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

तुझी,
नऊवाली