मंजूस पत्र: साताऱ्याचा उतार

कोथरूड, पुणे
जूनचा पहिला आठवडा

प्रिय मंजू,

साताऱ्याच्या हिल हाफची, म्हणजे घाटातल्या त्या २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनची, नोंदणी झाल्याचा तुझा निरोप वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. त्या शर्यतीच्या जागा किती भराभर संपतात ते दरवर्षी बघते, त्यामुळे तू 'बघू, बघू' म्हणत राहशील आणि नोंदणी बंद होईल असंच मी धरून चालले होते. नागपुरातल्या सपाट रस्त्यांवरची बाई पहिल्याच हिल हाफला साताऱ्यात उतरणार! छान केलंस.

तुझे प्रश्न सगळे वाचले. चढ कुठून लागतो, किती लांब आहे, मध्ये चालले तर हसतील का, दम लागला तर काय करू. उताराबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणून आज उताराबद्दलच लिहिते.

चढाचं आधी उरकते. शर्यत गावातून सुटते, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढते, वर कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन परत फिरते आणि त्याच वाटेने खाली येते. कासच्या पठारापर्यंत आपण जात नाही, तेव्हा पळता पळता फुलं बघायची स्वप्नं सोड. फुलं दुसऱ्या दिवशी, गाडीने. सातारा शहर साधारण ७४० मीटर उंचीवर आहे आणि कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. आपला चढ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी संपतो आणि तिथून आपण वळतो. घाटात पुष्कळजण चालतात, कुणी हसत नाही. खरं सांगायचं तर चढ हा प्रामाणिक प्राणी आहे. जास्त जोर केलास की लगेच धाप लागते आणि तू आपोआप हळू होतेस.

उतारावर असं कुणी अडवत नाही. श्वास मोकळा झालेला असतो, गार वारा लागत असतो, समोरून अजून चढणारे लोक टाळ्या वाजवत असतात आणि घड्याळातला वेग बघून माणूस हरखतो. चढावर गेलेली मिनिटं इथे वसूल करू म्हणून लोक अक्षरशः झोकून देतात. मी दरवर्षी हे बघते. घाटात माझ्या शेजारून सुसाट गेलेली मंडळी पुढे गावातल्या रस्त्यावर मांड्या चोळत फुटपाथला बसलेली भेटतात. तिथून शेवट फार लांब नसतो, ढोल-ताशे वाजत असतात, पण पाय उचलत नाही.

याचं कारण समजून घे, मग बाकीचं पटेल. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावून तुला वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच आवळून धरायचं काम करतो, दर पावलाला ब्रेक लावल्यासारखं. या कामात दम लागत नाही, पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होत राहते. ठणका तर आणखी उशिरा येतो. एक-दोन दिवसांनी तो सगळ्यात जास्त असतो. सोमवारी ऑफिसचा जिना उलटा उतरणारा माणूस दिसला तर समजायचं, रविवारी तो साताऱ्यात होता.

आता त्यातली चांगली बाजू. हे स्नायू फार लवकर शिकतात. एकदा नीट उताराचा सराव केला आणि दुखून बरं झालं, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितकं दुखत नाही. म्हणजे शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक मोठा उतार पायांना दाखवून ठेवायचा. अगदी शेवटच्या आठवड्यात मात्र नको.

पुण्यात मला याची चंगळ आहे. घरापासून वेताळ टेकडी जवळ. एआरएआयच्या (ती गाड्यांवर संशोधन करणारी संस्था) बाजूने चढलं की खाणीला वळसा, मग वेताळाच्या देवळापर्यंत, आणि हवं तर चतुःशृंगीकडे किंवा लॉ कॉलेजकडे उतरा. शहरातली सगळ्यात उंच जागा हीच. मोर ओरडत असतात, आजोबा लोक शर्टाची बटणं उघडी टाकून प्राणायाम करत असतात आणि पहाटे पाचलाही बायका बऱ्यापैकी असतात, त्यामुळे मला तिथे कधी एकटं वाटलं नाही. (तरी अंधारात मी गटाबरोबरच जाते. तूही तसंच कर, त्यात धीट-भित्रं असं काही नसतं.) टेकडीतून रस्ता आणि बोगदा न्यायच्या योजनेवरून इथे किती भांडणं झाली ते तू वाचलं असशीलच. माझं मत तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही, नाहीतर चार पानं त्यातच जातील.

पण मातीची टेकडी वेगळी आणि डांबरी घाट वेगळा. टेकडीवर दर पाऊल निराळं पडतं, त्याने घोटे तयार होतात. डांबरावर एकच पाऊल हजारो वेळा पडतं आणि मांडीवर एकाच जागी मार बसतो. त्यासाठी आम्ही सिंहगडाला जातो. डोणजे सोडून पुढे गेलं की घाटरस्ता सुरू होतो तो थेट गडाच्या वाहनतळापर्यंत. लोक वर धावत जातात, दही नि पिठलं-भाकरी हाणतात आणि गाडीत बसून खाली येतात! मी उलट सांगते: वाटल्यास चालत वर जा, पण खाली पळत ये. भाकरी मग खाली आल्यावर. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. विद्यापीठाचं आवार सावलीसाठी आणि लाँग रनसाठी उत्तम आहे, पण साताऱ्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

तुला नागपुरात अंबाझरी आणि फुटाळ्याच्या फेऱ्या सोडून सेमिनरी हिल्सकडे सरकावं लागेल. चढ लहान आहे हे मान्य, पण तोच पुन्हा पुन्हा उतरता येतो. आठवड्यातून एकदा चालत वर, पळत खाली, असं तासभर. उन्हाचं बघ. नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला तरी पाऊस पडेपर्यंत तुमच्याकडे सकाळी सातलाही भट्टीच असते. मला तर तुमच्या उन्हात मेमध्ये पळणाऱ्या लोकांपुढे साष्टांग नमस्कार घालावासा वाटतो.

उतरायचं कसं, ते असं. पावलं लहान आणि भराभर. पाय शरीराच्या खाली पडू दे, पुढे लांब टाकलास तर टाच आपटते आणि गुडघा बोंबलतो. भीतीने मागे रेलू नकोस, घोट्यापासून किंचित पुढे झुक. हात थोडे बाहेर राहिले तरी चालतील, तिथे कुणी फोटोसाठी बघत नाहीये. नजर दहा-पंधरा पावलं पुढे. आणि वळणाच्या अगदी आतल्या कडेला शिरू नकोस. तिथे अंतर वाचतं खरं, पण घाटात सगळ्यात तीव्र उतार तिथेच असतो.

यावरून आठवलं, मागच्या शर्यतीत घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवलं म्हणून आयोजकांवर चिडली होतीस ना? बहुतेक त्यांची चूक नसणार. रीतसर मोजलेल्या मार्गाचं अंतर सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून घेतात, तेही वळणावळणाला सगळ्यात जवळच्या रेषेने. वर हजारामागे एक मीटर जादा धरतात, मार्ग आखूड पडू नये म्हणून. आपण गर्दीतून वाकडे-तिकडे पळतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, मैत्रिणीला टाळी द्यायला रस्ता ओलांडतो. हाफचे ठरलेले २१.०९७५ किलोमीटर त्यांचे, वरचे आपले.

मुंबईची हाफ मी तुला पहिली म्हणून सुचवली होती आणि अजूनही ती मला प्रिय आहे. जानेवारीतला तिसरा रविवार, माहीमहून अंधारात सुटायचं आणि सागरी सेतूवर, जिथे एरवी पायी पाऊल टाकू देत नाहीत, तिथे दोन्ही बाजूंना समुद्र घेऊन पळायचं. पेडर रोडचा चढ लोक उगाच बदनाम करतात. मुंबईत खरा त्रास दमटपणाचा. पण तिथे हजारोंच्या लोंढ्यात आपण कुणीच नसतो. साताऱ्यात गाव तुला बघायला उभं असतं. शाळेची पोरं लेझीम घेऊन, म्हाताऱ्या ओट्यावर, कुणीतरी मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी धरून. ललिता बाबरचा जिल्हा तो, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावलेली माण तालुक्यातली मुलगी. पळणाऱ्या बाईचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. मला ही गोष्ट मेडलपेक्षा मोठी वाटते.

सप्टेंबरात घाटात पाऊस आणि धुकं दोन्ही मिळू शकतं, म्हणून बूट नवे नकोत आणि तळ झिजलेलेही नकोत. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. नखं दोन-तीन दिवस आधी काप, आदल्या रात्री नको. वरच्या भोकातून लेस आवळून बांध, म्हणजे टाच जागेवर राहते. ओल्या कपड्यांनी काखा आणि ब्राची पट्टी सोलवटतात, तिथे व्हॅसलीन भरपूर लाव. हे पुरुषमंडळींच्या कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं! आणि स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी अर्धा तास आधी पोच. तिथे बायकांची रांग नेहमीच लांब.

येण्याचं असं कर. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून पुण्यावरून थेट साताऱ्याला जाते, पण तू पुण्यात उतर. दोन दिवस माझ्याकडे राहा, मग गाडीने एकत्र जाऊ. आईला आत्ताच सांगून ठेवलंय, ती तुझ्यासाठी साबुदाणा-खिचडीचा बेत करतेय आणि शर्यतीआधी ती खायची नाही हे तिला तूच सांग, माझं ती ऐकत नाही. परतीचं तिकीट मंगळवारचं काढ. कंदी पेढे घ्यायला वेळ मिळेल आणि पाय जरा माणसात येतील. बर्थ मात्र खालचाच मिळतोय का बघ.

तुझी,
सुमी