श्रमदानाला बोलावता, बैठकीलाही बोलवा

मा. श्री. कैलाशजी विजयवर्गीय,
नगरीय विकास आणि आवास मंत्री, मध्य प्रदेश शासन

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. इंदुरात ते वाचून दाखवायला आपल्या कार्यालयात एखादा कुलकर्णी किंवा एखादी जोशी सापडेलच, म्हणून चिंता नाही.

मी बँकेतून निवृत्त झाले. अन्नपूर्णा भागात राहते. आमच्या कॉलनीच्या रहवासी संघाची चिटणीस आहे, म्हणजे बगीच्याचा माळी, रात्रीचा चौकीदार आणि गणपतीची वर्गणी ही तिन्ही खाती माझ्याकडे. निगमाची, म्हणजे महापालिकेची, निवडणूक मला लढवायची नाही. तिकीट मागायला भोपाळला चकरा मारायच्या नाहीत, चौकात फ्लेक्सवर हात जोडून उभं राहायचं नाही. तरी आपल्या वॉर्डाच्या कामात आपलं डोकं आणि आपला वेळ घालावा असं वाटतं. असं वाटणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांना बसायला अधिकृत जागा नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

आपण स्वतः १९८३ साली पार्षद, म्हणजे नगरसेवक, झालात. २००० साली इंदूरने महापौर पहिल्यांदाच थेट मतदानाने निवडला, तो आपल्याला. सुमित्राताई महाजनांचीही सुरुवात निगमातूनच. आधी पार्षद, मग उपमहापौर, आणि १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभा. तेव्हा पार्षदाच्या दारात सकाळी सहाला कोण आणि कशासाठी उभं असतं हे आपल्याला मी काय सांगणार! पण शहर केवढं वाढलं ते बघा. २०११ च्या जनगणनेत इंदूरची वस्ती साडेएकोणीस लाखांच्या वर होती. आता वॉर्ड ८५. बँकेची सवय, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही: एका पार्षदामागे २३ हजार माणसं, तीही जुन्या जनगणनेची. पार्षद कितीही भला असला तरी एवढ्यांचे नळ, गटारं आणि पथदिवे एकट्याच्या डोक्यात मावत नाहीत.

इथे एक गंमत आहे. सांवेर किंवा देपालपूरकडच्या दोन हजार वस्तीच्या गावातला कुठलाही मतदार ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, की बाई, किंवा बाबा, तलावाचे पैसे कुठे गेले? राज्यघटनेने त्याला तशी जागा दिली आहे. तोच माणूस पोरांच्या शिक्षणासाठी इंदुरात खोली घेऊन राहायला आला की त्याच्या हातात काय उरतं? ३११ ॲप, १८१ ची हेल्पलाइन आणि मंगळवारची जनसुनवाई. तिन्ही ठिकाणी तो तक्रारदार असतो. तक्रार ‘बंद’ झाल्याचा मेसेज कधी कधी गटार वाहत असतानाच येतो, तो भाग वेगळा.

घटनेने शहरांना विसरलेलं नाही. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीतलं कलम २४३-एस सांगतं की तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात. समितीत कोण बसावं आणि त्यांना कसं निवडावं, हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. म्हणजे दिल्लीला काही मागायची गरज नाही. गोष्ट आपल्या खात्यातली आहे.

नागरिक समितीत बसून करणार काय, असं अधिकारी विचारतात. आमच्याच कॉलनीतलं सांगते. पाणीपुरवठ्याच्या कामात उभी नोकरी घालवलेले एक इंजिनिअर काका इथे राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे ट्रेसिंग पेपरवर हाताने काढलेला आमच्या भागाचा नकाशा आहे. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून सेलोटेप लावलेला. निळी रेघ नर्मदेच्या पाण्याची, लाल रेघ ड्रेनेजची, व्हॉल्व्हच्या जागी काळा ठिपका. जिथे निळी लालच्या खालून जाते तिथे पेन्सिलने गोल केला आहे. असे गोल बरेच आहेत. गल्लीत केबलसाठी खोदकाम सुरू झालं की काका चपला घालून तिथे जाऊन उभे राहतात आणि ठेकेदाराच्या पोराला म्हणतात, बेटा, इथून दोन फूट सरक. ते पोरगं कधी सरकतं, कधी “बाबूजी, घर जाओ” म्हणतं. सरकायलाच हवं असं सांगणारा कागद काकांकडे नाही. त्यांना वॉर्ड समितीचे सदस्य करा, मग बघा पोरगं सरकतं की नाही.

असे गोल कुठे कुठे आहेत हे वेळेवर न कळल्याची किंमत शहराने मोजली आहे. २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं आणि माणसं गेली. तो भाग आपल्याच मतदारसंघातला, आपण ते जवळून पाहिलं आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. त्याआधी ३० मार्च २०२३ ला, ऐन रामनवमीला, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा, म्हणजे जुन्या विहिरीवरचा, स्लॅब कोसळून ३६ जीव गेले. स्लॅबखाली बावडी आहे हे त्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतंच. नळाच्या पाण्याला वास येतो हे सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात कळतं. ही माहिती फाइलीत जायला महिने लागतात, आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी बसणाऱ्या, जिचं इतिवृत्त लिहिलं जातं अशा समितीसमोर यायला एक बैठक पुरते. अपघात टळलेच असते असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. निदान “आम्हाला कुणी सांगितलंच नाही” हे वाक्य कुणाला बोलता आलं नसतं.

आता श्रमदानाबद्दल. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून पुढे राहिलं, त्यात सफाईमित्रांचा मोठा वाटा आहे. अधिकाऱ्यांचाही आहे, नाकारत नाही. पण ओला-सुका कचरा वेगळा केला तो घराघरात, रोज, बहुतेक वेळा बाईने. निगमाने हाक मारली की शाळेची मुलं रांगोळ्या काढतात, आम्ही झाडू घेऊन उतरतो, फोटोही निघतात. २०२३ साली जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी निगमाने २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, तेव्हा सामान्य माणसाने आपली बचत त्यात घातली. नागरिकाचा कचऱ्याचा डबा चालतो, नागरिकाचा पैसा चालतो. मग वॉर्डात कुठला रस्ता आधी करायचा या चर्चेत नागरिक का चालत नाही?

शंभर वर्षांपूर्वीचं इंदूर या बाबतीत आजच्यापेक्षा शहाणं होतं असं मला वाटतं. पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबाराने बोलावलं होतं. १९१८ साली त्यांनी शहरावर दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगचा काळ. लोक त्यांच्याकडे संशयाने बघत, कारण नगररचनावाला म्हणजे घर पाडणारा अशीच ख्याती. गेडिसनी दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर करून टाकलं, की जे मोहल्ले सगळ्यांत चांगले साफ होतील तिथूनच ती जाईल. मग काय, गल्ल्या घासूनपुसून निघाल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा होता, तो शेवटी जाळला. सांगण्यासारखं हे, की मिरवणुकीचा मार्ग साहेबाच्या टेबलावर ठरला नाही, मोहल्ल्यांनी तो ठरवला.

आमच्या मराठी मंडळींनाही दोन शब्द ऐकवते, कारण हे पत्र तेही वाचतील. नाटकाचा प्रयोग असो की गणेशोत्सव, इंदूरच्या मराठी माणसाचं नियोजन वाखाणण्यासारखं असतं, आणि वर्गणीचा हिशेब पैशापर्यंत जुळतो. वॉर्डाचा विषय निघाला की मात्र “छे, राजकारण आपलं काम नाही.” बरं, राजकारण नको. नाला कुठून वळवायचा यात कसलं आलंय राजकारण? ताईंचा अभिमान आपण सगळेच मिरवतो. त्या निगमात गेल्या तेव्हा कुणाच्या तरी नळाच्याच तक्रारी ऐकत असणार.

तर कैलाशजी, मागणं असं. प्रत्येक वॉर्डाची समिती हवी. पार्षद तिचे अध्यक्ष असोत, आमची हरकत नाही. सोबत त्या वॉर्डातले दहाबारा नागरिक, अर्ध्या बायका. ते निवडायचे कसे? पार्षदाने निवडले तर त्याचे कार्यकर्ते बसतील, निगमाने निवडले तर माजी अधिकारी बसतील. मी म्हणते, ज्यांची इच्छा आहे त्यांनी अर्ज करावेत आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात, भिशीत काढतो तशा. मानधन नको. वॉर्डात वर्षभरात होणाऱ्या कामांची यादी, ठेकेदाराचं नाव आणि मंजूर रक्कम समितीपुढे आलीच पाहिजे. काम झाल्याच्या कागदावर समितीच्या दोन सदस्यांची सही असल्याशिवाय बिल निघू नये. या शेवटच्या अटीला सगळ्यांत जास्त विरोध होईल, म्हणून तीच सोडू नका.

भांडणं होतील, हो. आमच्या संघाच्या सभेत पार्किंगवरून काय काय होतं ते मी रोज निस्तरते. बैठकीत झालेलं भांडण इतिवृत्तात तरी लिहिलं जातं.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. एल्डरमन, म्हणजे निवडणूक न लढवता निगमात नेमलेले सदस्य, घ्यायची सोय घटनेच्या कलम २४३-आर मध्ये आहे, ती नगर कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. तिकीट न मिळालेल्यांची समजूत काढायला ती वापरली जाऊ नये. आणि महिलांना ५० टक्के जागा देण्यात मध्य प्रदेश पुढे राहिला, त्याचं कौतुक आहेच. आता बैठकीत पार्षदबाईंच्या खुर्चीवर ‘पार्षदपती’ बसलेले दिसले तर बैठक रद्द धरावी, एवढा एक नियम काढा. नियम कागदावर आधीपासून असेल तर तो पाळला जातो का, हे बघायला माणूस ठेवा.

निगमाची मागची परिषद २०२० च्या सुरुवातीला संपली आणि निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधली दोन वर्षांहून जास्त निगमात निवडून आलेलं कुणीच नव्हतं, कोरोनाही त्याच काळात येऊन गेला. तेव्हा गल्लीगल्लीत औषधं आणि डबे पोहोचवणारे हेच लोक होते, ज्यांना आज बसायला जागा नाही. आताच्या परिषदेची पाच वर्षं २०२७ मध्ये भरतील. निवडणुकीच्या धामधुमीत समित्यांचं कुणाला सुचणार नाही, म्हणून त्याआधी करा.

मला उत्तराचं पत्र नाही आलं तरी चालेल. झोन कार्यालयाच्या फळ्यावर वॉर्ड समितीसाठी अर्ज मागवल्याची नोटीस लागली की आम्हाला कळेल. काकांचा अर्ज मी भरून ठेवला आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

आपली,
एका रहवासी संघाची चिटणीस
अन्नपूर्णा भाग, इंदूर