कुंभार्ली घाटातल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. शेडवर पाटी नव्हती, नुसता खांबाला टांगलेला टायर आणि त्यावर चुन्याने लिहिलेलं 'पंचर'. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचेल या आशेवर. खूण सांगतो: मे महिन्यातला रविवार, भर दुपार, 1984 ची क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी गाडी, कॅरिअरवर हापूसच्या चार पेट्या, मागच्या सीटवर डोक्याला पंचा गुंडाळून बसलेले आमचे नाना, आणि वाफाळत्या बॉनेटसमोर शेजारच्या टपरीतली कळशी घेऊन उभा असलेला मी.

पहिले आभार त्या कळशीबद्दल. ती तुम्ही माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलीत. "पानी ओतू नका! हेड वाकवून घ्याल." तेव्हा रागच आला होता. ह्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की हेड वाकतं, दोघांमधलं गॅसकेट उडतं, नशीब फारच खोटं असेल तर ब्लॉकला तडा जातो, हे तुम्ही नंतर चहा पिताना सांगितलंत. रेडिएटरच्या टोपणालाही अर्धा तास हात लावू दिला नाहीत. दाब धरलेलं पाणी टोपण सैल झाल्याबरोबर उकळून तोंडावर येतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही माझा हात तिकडेच चालला होता, काय सांगू.

आता दुखणं. गाडी दोन वर्षं तापत होती. गंमत म्हणजे पुण्यात नाही. सिग्नलला दहा दहा मिनिटं उभी राहिली तरी तापमानाचा काटा 85 च्या पुढे जायचा नाही. पण खंबाटकी घाट लागला, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं की काटा शंभरी गाठायचा. एका गॅरेजने थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडपच, काढून टाकला, "आपल्या हवेत लागतो कुठे" म्हणून. दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. तिसऱ्याने फॅन बेल्ट, टोपण आणि रंगीत कूलंट, आणि वर सल्ला दिला की साहेब, जुनी गाडी आहे, विकून टाका. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

तुम्ही आधी पाना हातात घेतलाच नाहीत, विचारत बसलात. उभ्या गाडीत तापते की पळताना? चढाला तापते, मग सपाटीवर ऐंशीच्या वेगाने पळवली तर? पाणी कमी होतं का? सकाळी पहिल्या सेल्फला मिसिंग करते का, अडखळत चालते का? मला वाटलं, वेळ काढताय. आता कळतं की निम्मं काम तिथेच झालं होतं. उभी असताना तापली असती तर पंख्यावर, हवेवर संशय. ही तापत होती ती इंजिन जोरात फिरताना, म्हणजे हवा मिळत होती आणि पाणी फिरत नव्हतं. मग ऑइलची कांडी काढून पाहिलीत. चहासारखं दुधाळ ऑइल नव्हतं, म्हणजे त्यात पाणी उतरलं नव्हतं. गाडी निवाल्यावर टोपण काढून, इंजिन चालू करून वरच्या पाण्यात बुडबुडे येतात का, म्हणजे गॅसकेटमधून इंजिनाचा गॅस पाण्यात शिरतोय का, पाहिलंत. आले नाहीत. "हेड वाचलाय," म्हणालात, आणि नानांनी मागच्या सीटवरून पहिल्यांदा खाली पाय टाकला.

त्यानंतरचं दृश्य मी अजून लोकांना सांगतो. तुम्ही मला वाकायला लावलंत आणि रेडिएटरच्या खालच्या होस पाइपकडे बोट केलंत. दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा थ्रॉटल ओढलात. इंजिन रेस झालं आणि तो जाड काळा पाइप माझ्या डोळ्यांसमोर आत ओढला गेला, चोखून टाकलेल्या कोयीसारखा चपटा. थ्रॉटल सोडलात, पाइप परत फुगला. पुन्हा ओढलात, पुन्हा चपटा. खालच्या पाइपातून पंप पाणी खेचतो, दाबत नाही. पाइप मऊ पडला की जोराच्या ओढीने मिटतो आणि नेमकं जेव्हा पाण्याची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच वाट बंद. इंजिन मंद केलं की पाइप पूर्ववत, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कुणालाच काही दिसायचं नाही. आतली स्प्रिंग कुठे गेली, असं तुम्ही विचारलंत. पाइपात स्प्रिंग असते हेच मला ठाऊक नव्हतं. पंप बदलताना पाइप नवा घातला, तेव्हा ती भंगारात गेली असणार.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. तुम्ही रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवलात आणि माझाही हात धरून फिरवलात. वर चटका, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात चक्क गार. नळ्या क्षाराने बुजलेल्या, त्यातून पाणी येईना म्हणून पंपाची ओढ जास्त, आणि त्या ओढीने पाइप मिटतोय. बोअरवेलचं पाणी टाकता ना, असं तुम्ही म्हणालात. टाकत होतो.

मागच्या भंगारातून जाड तार काढून पहारीवर वेटोळी घालताना तुमची आणि नानांची जी जमली, ती मला वेगळीच भेट. तुम्ही मुंबईत बावीस वर्षं टॅक्सीवाल्यांच्या गाड्या केल्यात हे तेव्हा कळलं. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यापासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तिथपर्यंत गप्पा आल्या. तुम्ही "वीस वर्षांची अट होती, गाडी कुठे थकली होती?" म्हणालात, तेव्हा नाना इतके जोरात "बरोब्बर!" म्हणाले की टपरीवाला दचकला.

तार पाइपात बसली, क्लिपा आवळल्या. डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सैल करून ठिणगीचं टायमिंगही जरा पुढे घेतलंत. मागे राहिलेल्या टायमिंगनेही इंजिन तापतं, हे जाता जाता सांगितलंत. मग "तीनशे द्या" आणि ताकीद: घाटात एसटीच्या मागे रेटू नका, काटा 95 ला गेला तर कडेला घेऊन इंजिन चालूच ठेवा, ह्या गाडीत पंखा आणि पंप दोन्ही बेल्टवर, बंद केलंत की दोन्ही बंद. आणि पुण्याला गेल्यावर पहिलं रॉडिंग, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांत सळई घालून सफाई. आंब्याची पेटी पुढे केली तर "चिपळूणच्या मानसाला आंबे देताव?" म्हणून हसलात.

कोयनानगरला पोचलो तेव्हा काटा 90 वर होता. पुण्यात रेडिएटरच्या टाक्या उतरवून रॉडिंग करून घेतलं. नळ्यांतून निघालेला चुरा मूठभर भरला. थर्मोस्टॅट परत बसवला, स्प्रिंगवाला पाइप मिळवला, आता फक्त शुद्ध पाणी आणि कूलंट. गेल्या महिन्यात खंबाटकी दोनदा चढलो, चार माणसं घेऊन. 88. नाना पुढच्या सीटवर बसून रस्त्याऐवजी काट्याकडेच बघत होते.

तुमची तार मी फेकलेली नाही, डिकीत आहे. तिच्याच शेजारी तुमचा दहा-अकराचा पाना सापडला, फडक्यात गुंडाळलेला. माझ्या सामानात चुकून आला. दिवाळीत गुहागरला चाललोय, जाताना टायरपाशी थांबतो. नाना म्हणतात, दुपारी थांबू, मिस्त्री जेवून निवांत असतील.

तुमचा,
क्रीम पद्मिनीवाला